अनवाणी माप

"आधी माणसाला बुटात उभा कर, मग टेप काढ. पँट त्याला बुटावर घालायची हाय, अनवाणी न्हाय."

माझे सासरे मडिवाळप्पा हे इतक्या वेळा सांगायचे की दुकानात नवा आलेला कारागीर आठवड्याभरात त्यांची नक्कल करायला लागायचा. सोलापूरच्या बाळीवेशीतल्या आमच्या शिंप्याच्या दुकानाला तेव्हा दोन दगडी पायऱ्या होत्या. वर गादी, गादीच्या मागे देवाची तसबीर आणि विभूतीची वाटी. त्यामुळे पायातलं खाली काढूनच वर यायचं. पण पँटीचं माप असलं की सासरे स्वतः खाली उतरायचे. गिऱ्हाईक खालच्या पायरीवर बुटात उभं राहायचं आणि हा सत्तरीचा माणूस धुळीत एक गुडघा टेकून टेपचं टोक त्याच्या टाचेपाशी धरायचा. कुणी अवघडून "आप्पा, राहू द्या की" म्हटलं, तर म्हणायचे, "तुझ्या पाया न्हाय पडत बाबा. मापाला वाकतोय."

ते गेले आणि गादीवर माझे यजमान वीरभद्रप्पा बसले. कोट कापण्यात त्यांचा हात सासऱ्यांहून सरस होता, हे मी आजही म्हणेन. खांद्याला सुरकुती नाही, कॉलर मानेला चिकटून. पुण्यात लष्कर भागात दोन वर्षं एका मोठ्या दुकानात राहून आले होते. गादी हाती आल्यावर त्यांनी पायऱ्या काढून टाकल्या, गुळगुळीत फरशी बसवली, माणसाएवढा आरसा लावला आणि दारावर पाटी लावली : पादत्राणे बाहेर काढावीत.

ती पाटी सगळ्यांसाठी नव्हती. कचेरीतले साहेब, गिरणीतले अधिकारी चकचकीत बुटांनिशी थेट आरशासमोर जाऊन उभे राहायचे आणि यजमान हसत टेप काढायचे. पाटी उरलेल्यांसाठी होती. मला ते दिसत होतं. मी काज करत बसायचे.

दुकानात माझं काम तीन तऱ्हेचं. काजं करायची, कोटाच्या आतली हातशिलाई घालायची आणि ते बोलतील ती मापं वहीत उतरवायची. सोमवारी सूर्य मावळेपर्यंत माझं मौन असे. लग्नाआधीपासूनचा नेम. तरी सोमवारीही मी मापं लिहीत असे, कारण लिहायला तोंड लागत नाही. घरात, दुकानात सगळ्यांना त्याची सवय झाली होती. उलट यजमान गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगायचे की आमच्या दुकानात सोमवारी भांडण होत नाही.

आता धोंडीरामचं सांगते, कारण हे सगळं त्याच्यासाठी लिहितेय.

सात रस्त्याच्या चौकात एका लिंबाच्या झाडाखाली त्याचं पत्र्याचं दुकान होतं. चपला, बूट सगळेच करतात. धोंडीराम वाकड्या पायांचे बूट करायचा. एखादा पाय आखूड, एखादा आत वळलेला, कुणाची टाच जमिनीला लागत नाही. दवाखान्यातले एक डॉक्टर असली मुलं त्याच्याकडे पाठवायचे. प्रत्येक पायाचा लाकडी साचा तो स्वतः तासायचा, त्यावर मुलाचं नाव घालायचा, आणि मूल वाढलं की नवा साचा. आखूड पायाच्या बुटात तो बुचाच्या हलक्या लाकडाचे पातळ थर एकावर एक असे बसवायचा की आत पाय घातल्यावर माणसाला पाऊल उंचावल्याचं जाणवू नये. त्याच्या दुकानाच्या भिंतीला ते साचे ओळीनं टांगलेले असत. मी एकदा यजमानांची तुटलेली चप्पल द्यायला गेले होते तेव्हा ते बघत उभी राहिले. तर तो म्हणाला, "वैनी, पाय मला सरळ करता येत न्हाय. चाल करता येती."

चौऱ्याहत्तर सालचा चैत्र होता. मैंदर्गी गावचे आडत व्यापारी गुरुसिद्धप्पा यांच्या मुलाचं, ईरप्पाचं, लग्न ठरलं. सूट आमच्याकडे आणि बूट धोंडीरामकडे. ईरप्पाचा डावा पाय लहानपणीच्या आजारानं सव्वा इंच आखूड राहिला होता. मुलीकडच्यांपासून लपवलेलं काही नव्हतं. मुलीनं त्याला चालताना बघून होकार दिला होता. त्याला फक्त लग्नाच्या दिवशी गावासमोर सरळ चालायचं होतं. सत्तावीस वर्षांच्या माणसानं मागावं असं हे फार मोठं नव्हे.

माप घ्यायच्या आदल्या शनिवारी धोंडीराम आमच्या दुकानाच्या दाराशी आला. आत आला नाही, पाटीच्या बाहेर उभा राहिला. म्हणाला, "मालक, मैंदर्गीचं पोरगं परवा येईल. बूट झालेत, घालूनच येतंय. माप बुटातच घ्या. किती उंची वाढवली ते मी सांगत बसत न्हाय, आकड्यानं फसगत हुती. उभा करा आन् डोळ्यानं बघा."

यजमानांच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या त्यांनी एकेक काढून उशीत खोचल्या, मग म्हणाले, "मला माप शिकवायला आलास व्हय धोंडीराम?"

तो हसला, नाही मालक म्हणाला, गेला. तो गेल्यावर यजमान कारागिरांकडे बघून म्हणाले की उद्या हा मला कात्री कशी धरायची तेही सांगेल. कारागीर हसले.

सोमवारी ईरप्पा आला. दुकानात तेव्हा बुटांनिशी उभा असा कुणीही साहेब नव्हता. बूट घालून तो दारापर्यंत नीट चालत आला. मी काउंटरमागून बघत होते, लंगडतोय असं वाटलंसुद्धा नाही. दाराशी त्यानं पाटी वाचली आणि वाकून बूट काढायला लागला. यजमान बघत होते. एवढंच बोलायचं होतं : राहू दे. तेवढं ते बोलले नाहीत. ईरप्पानं बूट बाहेर ठेवले आणि फरशीवरून लंगडत आरशासमोर आला.

अनवाणी उभा राहिला की त्याची कंबर डावीकडे झुकायची. त्यामुळे कंबरेपासून जमिनीपर्यंतचं माप डावीकडे कमी भरायचं. बुटात दोन्ही बाजू सारख्या व्हायच्या. म्हणजे पँट दोन्हीकडे एकाच लांबीची हवी होती. शिंप्याच्या घरात वीस वर्षं काढलेल्या बाईला हे कळतं. ज्यानं पुण्यात दोन वर्षं काढली त्याला कळत नव्हतं असं नाही. पण बाहेरून ते बूट आत आणायचे, त्यांच्यापुढे गुडघा टेकायचा, म्हणजे धोंडीरामनं सांगितलेलं ऐकल्यासारखं झालं असतं.

"उजवी चाळीस. डावी पावणेएकोणचाळीस," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी आकडे लिहिले आणि पुढे लिहिलं, अनवाणी. त्या वेळी मला वाटलं की मी फार मोठं काम केलं.

संध्याकाळी दिवा लावल्यावर मौन सुटलं तेव्हा मी त्यांना सांगितलं की धोंडीराम सांगून गेला होता. ते म्हणाले, कच्ची शिलाई झाल्यावर ट्रायलला बुटात बघू. मी बरं म्हटलं. एकदा सांगितलं म्हणजे आपल्यावरचं उतरलं, असं मला वाटलं. ट्रायलच्या दिवशी ईरप्पानं पुन्हा बूट बाहेर काढले, पुन्हा अनवाणी आरशासमोर उभा राहिला, आणि अनवाणी पायांवर ती पँट इतकी सुरेख बसली की यजमानांनी दोन पावलं मागं सरून मान डोलावली.

लग्नाला आम्हाला मानाचं बोलावणं होतं. मैंदर्गीला त्यांच्या घरासमोरच्या पटांगणात मांडव होता. अक्षता दुपारीच पडल्या होत्या, तेव्हा धोतर होतं, पाय मोकळे होते. सूट घालायचा होता तो पाच वाजता, आहेराच्या वेळी. आम्ही पुढच्या खुर्च्यांवर बसलो होतो. यजमानांना सूट निघालेला बघायचा होता.

ईरप्पा घरातून बाहेर आला आणि मांडवाच्या दारापासून चौथऱ्यापर्यंत चालला. त्या चालण्याबद्दल मी काय सांगू. बायका बोलायच्या थांबल्या. त्याची आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ज्या मुलाला गावानं पाव शतक लंगडताना बघितलं तो पंचवीस पावलं सरळ चालत आला. लोकांमागे, मांडवाच्या शेवटच्या खांबाशी, धोंडीराम उभा होता. बोलावणं नव्हतं, स्वतःच तिकीट काढून आला होता, चाल बघायला.

मग ईरप्पा चौथऱ्यावर चढला आणि त्याचे पाय लोकांच्या डोळ्यांच्या उंचीला आले.

त्या दिवसांत खाली रुंद पँटींची पद्धत होती. कापड बुटावर पसरायचं, टाच झाकली जायची. उजवीकडे तसंच झालं. डावीकडे कापड सव्वा इंच वर राहिलं आणि खालून बुटाचा तो जाड तळ उघडा पडला, जो कुणाला दिसू नये म्हणून धोंडीराम महिनाभर राबला होता. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग मुलीकडच्या पोरांमधला एक जण म्हणाला, "दाजी, सगळं कातडं डाव्यालाच लावलं व्हय? उजव्यानं काय पाप केलं?" पुढच्या दोन रांगा हसल्या. हसणं मागं गेलं तसं वाढत गेलं, कारण मागच्यांना कारण माहीत नव्हतं.

ईरप्पानं खाली बघितलं. मग तो खुर्चीवर बसला आणि शेवटपर्यंत उठला नाही. फोटोलाही नाही. त्या मुलीनं, एका दिवसाच्या त्या नवरीनं, आपल्या शालूच्या निऱ्या सरकवून त्याच्या बुटावर घातल्या. एवढ्या माणसांत शहाणं वागलं ते तिनं.

मी मागं बघितलं. धोंडीराम बुटाकडे बघत नव्हता. तो यजमानांकडे बघत होता. यजमान ताटातलं जेवण कसं होतं ते शेजाऱ्याला विचारत होते.

तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, गुरुसिद्धप्पा हातावर ती पँट टाकून आणि ईरप्पाचे बूट पिशवीत घेऊन दुकानात आले. पायात स्वतःचे बूट होते. आरशासमोर जाऊन उभे राहिले. ते ओरडले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं की ही कुणाची करणी, तुमची की बूट करणाऱ्याची, ते मला आत्ता कळलं पाहिजे.

मी पडद्याआड काज करत होते. सुई हातात होती. यजमान काय म्हणाले ते मी अक्षर न् अक्षर ऐकलं.

"अण्णा, असल्या पायाचं माप अनवाणीच घ्यायचं असतं, मग बुटाची उंची त्यात मिळवायची. उंची किती ते करणारा सांगतो. धोंडीरामनं मला जो आकडा सांगितला तो मी मिळवला. त्यानं सांगितलं एक, केलं भलतंच. मी तरी काय करू?"

खोटं इतकं व्यवस्थित कापलेलं होतं की त्याला कुठं सुरकुती नव्हती.

त्या दिवशी गुरुवार होता. सोमवार नव्हता. माझं मौन नव्हतं. पडदा हातभर अंतरावर होता आणि तो बाजूला सारायला मला बंदी कुणी केली नव्हती. मी सारला नाही. गुरुसिद्धप्पा गेले तेव्हा मी काज पुरं करून दोरा दातानं तोडला, एवढं मला आठवतं, आणि त्याची मला आजही किळस येते.

तिथून ते सरळ सात रस्त्याला गेले. पुढचं मला आमच्या कारागिरानं सांगितलं, त्यानं डोळ्यांनी बघितलं होतं. दुपारच्या गर्दीत त्यांनी धोंडीरामच्या पुढ्यात पिशवीतले ते बूट टाकले, त्याचीच रापी उचलली, कातडं कापायची ती धारदार पट्टी, आणि डाव्या बुटाचा तळ उभा चिरला. बुचाचे थर उपसून रस्त्यावर फेकले. म्हणाले, सगळ्यांनी बघा, ह्याला टाच मोजता येत नाही आणि हा लंगडी पोरं नीट करायला निघालाय. धोंडीराम म्हणत राहिला की शिंपीमालकांना विचारा. ते म्हणाले, त्यालाच विचारून आलोय.

मग ते दवाखान्यात डॉक्टरांकडेही जाऊन आले. आठवड्यात डॉक्टरांनी मुलं पाठवायची बंद केली. पंधरवड्यात लिंबाखालचं दुकान बंद झालं. धोंडीराम मंगळवार बाजारात पोतं अंथरून तुटक्या चपलांचे अंगठे शिवायला बसला, असं कानावर आलं.

हे सगळं होत असताना आमच्या घरात काय चाललं होतं? सकाळी उठायचं, अंघोळ, हातावर इष्टलिंग घेऊन पूजा, मग स्वयंपाक. पूजेत मी डोळे मिटायचे आणि डोळ्यांपुढे बुचाचे तुकडे यायचे, रस्त्यावर पडलेले, वरून टांगे, रिक्षा जातायत. आणि संध्याकाळी यजमान मठात पुराणाला जायचे. त्या महिन्यात शरणांच्या, जुन्या शिवभक्तांच्या, कथा चालू होत्या. ज्या चर्मकार जोडप्यानं भक्तीपोटी आपल्या मांडीचं कातडं काढून पादत्राणं केली, त्यांची कथा झाली त्या दिवशी ते घरी आले तेव्हा डोळे पुसत होते. मला म्हणाले, "आज तू यायला पायजे होतीस. काय भक्ती, काय भक्ती."

भाकरी तव्यावर होती. ती मी करपू दिली.

मी म्हटलं, "तुमी धोंडीरामचे बूट फरशीवर येऊ दिले न्हाईत."

ते म्हणाले की त्याचा इथं काय संबंध. मी सांगितलं सगळा तोच संबंध आहे. त्यांनी मला समजावलं. सोलापुरात तीन नवी दुकानं निघालीत, तयार कपडे यायला लागलेत, मडिवाळप्पांचं नाव आहे म्हणून लोक येतात, एकदा माप चुकलं म्हणून बोभाटा झाला की सगळं संपतं. धोंडीरामचं काय, त्याला कुठंही पोतं अंथरून बसता येतं. हे ते शांतपणे, मला लहान मुलीसारखं समजावत बोलले. ते वाईट माणूस नव्हते. आजारपणात त्यांनी माझे पाय चेपलेत. म्हणून तर ते ऐकून माझ्या अंगाचा भडका उडाला. वाईट माणसानं असं म्हटलं असतं तर मला नवल वाटलं नसतं.

"वहीत मी लिहिलंय," मी म्हटलं. "अनवाणी, असं लिहिलंय. उंची मिळवल्याचा आकडा कुटं बी न्हाय."

"वही माझ्या दुकानाची हाय," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी धोंडीरामच्या घरी गेले. आधी कधी गेले नव्हते. घर शोधावं लागलं. तो अंगणात पोत्यावर बसून टायरचे तुकडे कापत होता. मला बघून उठला, बायकोला पाणी आणायला सांगितलं आणि मग ते पाणी मी घेईन की नाही या विचारानं तसाच उभा राहिला. मी तांब्या घेतला आणि प्यायले. त्यातही मोठं काही केलं नाही मी.

भिंतीशी एक गोणी होती. तोंडातून लाकडी साचे दिसत होते.

मी सगळं सांगितलं. शनिवारी तो काय बोलला ते मी ऐकलं होतं हे सांगितलं. सोमवारचं, गुरुवारचं सांगितलं. धोंडीराम म्हणाला, "जाऊ द्या वैनी. तुमच्या घरात इस्तू पेटायला नको. माझं हुतंय कसं बी."

त्याची बायको बनाबाई दाराच्या उंबऱ्यावर बसली होती. तिनं विचारलं, "सोमवारी तुमी तितंच हुता न्हवं? मग तवा का बोलला न्हाईत?"

मी म्हटलं, माझं मौन असतं सोमवारी.

ती म्हणाली, "देवाला गप बसलेलं आवडतंय व्हय? मग आमची अख्खी गल्ली त्याची लई लाडकी असंल."

"बने," धोंडीराम म्हणाला.

"बने काय बने. आन् गुरुवारी कशाचं मौन हुतं वैनी?"

माझे डोळे भरून आले तर ती म्हणाली, "हितं रडू नका. रडायला आमी हाय की. तुमाला जे म्हाईत हाय ते आमाला म्हाईतच हाय. आमाला सांगून काय उपेग? ज्येनं सात रस्त्यावर रापी चालवली त्येला सांगा. त्येनं चारचौघांत केलं, तुमी चारचौघांत सांगा. मग ह्ये साचे मी भिंतीला लावीन. तवर गोणी हितंच ऱ्हाईल, चुलीला लागंल तसं एकेक घालीन."

"बुधवारी जाते," मी म्हटलं. "सकाळी त्यांची आडत भरते. सगळ्यांसमोर सांगते. शब्द देते तुमाला."

"शब्द ठेवा तुमच्याजवळ," बनाबाई म्हणाली. "बुधवार झाल्यावर बघू."

मला तिचा राग आला नाही. तिच्या प्रत्येक वाक्यानं माझा राग आणखी नीट झाला. इतके दिवस तो भुसा पेटल्यासारखा नुसता धुमसत होता.

घरी येऊन मी यजमानांना सांगितलं की बुधवारी मी मैंदर्गीला जाणार आणि का जाणार. चोरून जायचं नव्हतं मला. मंगळवारी दुपारी मी दुकानात गेले तेव्हा इस्त्रीतले कोळसे पेटत होते. मापाची वही उघडी होती. चैत्रातलं ते पान नव्हतं. शिलाईपासून नीट, सरळ रेषेत फाडलं होतं, कापडाचा माणूस फाडतो तसं. इस्त्रीच्या तोंडाशी कागदाचा काळा पापुद्रा हलत होता.

"आता काय दाखवणार?" ते म्हणाले. आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं. घाबरलेल्या माणसाचा आवाज होता.

मी म्हटलं, "ते पान मी तुमच्यासाठी ठेवलं होतं. चूक झाली, मापात झाली, असं तुमी सोताच म्हणाल, तर दाखवायला. मला दाखवायला काय लागत न्हाय. मी तितं हुते."

"बाईमाणसाचं कोण ऐकणार तिथं, आडतीत?"

"न्हाय ऐकलं तर परत सांगीन."

"आन् आप्पांचं नाव?"

इतक्या वर्षांत मी त्यांच्यापुढे कधी आवाज चढवला नाही, त्या दिवशीही चढवला नाही. पण मला वाटतं तो त्यांना पहिल्यांदाच ऐकू आला. मी म्हटलं, "आप्पांचं नाव तुमी पायऱ्यांबरोबर उपटून टाकलं. आता जे ऱ्हायलंय ते तुमचं नाव हाय. ते माझं बी हाय. म्हणूनच मला लाज वाटती."

कारागीर मशिनवर मान घालून बसले होते. एकाचंही पायडल हलत नव्हतं. त्यांच्यासमोर बोलले याचं मला नंतरही वाईट वाटलं नाही. धोंडीराम कात्री धरायला शिकवेल या गोष्टीवर हसताना हेच बसले होते.

ती रात्र कशी गेली ते सांगण्यासारखं नाही. दोघंही जागे होतो, दोघांनाही ते कळत होतं.

बुधवारी उजाडायच्या आधी अंघोळ करून मी पूजेला बसले. देवाकडे काही मागितलं नाही. मागायचं ते माणसांकडे होतं. पूजा आटोपून भाकऱ्या केल्या, शेंगाची चटणी काढली, ताट झाकून ठेवलं. पाण्याचा तांब्या भरून त्यांच्या उशाशी ठेवला. राग असला तरी माणूस उपाशी ठेवायचा नसतो, आणि ताट झाकलं म्हणजे राग झाकला असंही नसतं.

मी पदर खोचत होते तेव्हा ते अंथरुणावर उठून बसले. दाढी वाढलेली, केस विस्कटलेले, कोटाच्या खांद्यावरून हात फिरवणारा तो रुबाबदार माणूस कुठं दिसत नव्हता. म्हणाले, "लोक मला काय म्हणतील?"

"हाय तेच म्हणतील," मी म्हटलं.

"तू माझं नाव घेऊन सांगणार?"

"तुमचं घेईन, माझं बी घेईन. दोघांनी मिळून केलंय."

त्यांनी तोंडावरून हात फिरवला. थांब म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत. मी पिशवीत एक भाकरी आणि विभूतीची पुडी टाकली. दाराची कडी काढताना आवाज होऊ दिला नाही, शेजारी अजून झोपेत होते.

बाहेर गारवा होता. दूधवाल्यांच्या सायकली चालू झाल्या होत्या. अक्कलकोटची एसटी सव्वासहाला सुटायची, तिथून मैंदर्गीची दुसरी. आडतीत पोचल्यावर पहिलं वाक्य कोणतं म्हणायचं ते मी मनात एकदा म्हणून बघितलं, मग दुसऱ्यांदा, जरा मोठ्यानं, आणि स्टँडच्या रस्त्याला लागले.